सोनोमाचा काउंट

भारतातून आई-बाबा आले की गोल्डन गेट, मग सतरा मैलांचा ड्राइव्ह आणि एखादी वाइनरी, हा बे एरियातला क्रम ठरलेलाच. आम्हीही त्यांना सोनोमाच्या ब्युएना व्हिस्टाला घेऊन गेलो होतो. आईला वाइनचं नावही नको, पण दगडी इमारत, निलगिरीची उंच झाडं आणि सावलीतली बाकं बघून स्वारी खूश! आम्ही मात्र तिथून एका माणसाची गोष्ट डोक्यात घेऊन परतलो.

आगोस्टन हारास्ती. (इथले लोक त्याच्या आडनावाचं जे करतात ते ऐकून आपल्याला आपलंच आडनाव आठवतं.) जन्म १८१२, हंगेरीतल्या पेश्टचा. घराणं मानाचं, जमीनजुमला असलेलं, पण काउंट ही पदवी त्यांच्याकडे नव्हती. ती त्याला अमेरिकेत चिकटली आणि त्यानेही कधी फारशी हरकत घेतली नाही. १८४० मध्ये एका चुलत-मामे नात्यातल्या भावाला घेऊन तो विस्कॉन्सिनला आला, नदीकाठी एक गाव वसवलं (आजचं सॉक सिटी), आणि दोन वर्षांनी परत जाऊन बायको, मुलं आणि चक्क आईवडिलांनाही घेऊन आला. ग्रीन कार्डाच्या रांगा नव्हत्या हे खरं, पण तेव्हाचा तो समुद्रप्रवास!

तिथे त्याने द्राक्षं लावली. विस्कॉन्सिनच्या थंडीने ती मारली. १८४९ मध्ये सगळं कुटुंब बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर सॅन दिएगोला निघालं. लोक सोनं शोधायला येत होते, हा मात्र द्राक्षांना मानवणारी हवा शोधत होता. १८५० मध्ये तो सॅन दिएगो काउंटीचा पहिला शेरीफ झाला. गावाचा तुरुंग बांधायचं कंत्राटही त्यानेच घेतलं आणि बांधकाम असं झालं की १८५२ मध्ये रॉय बीन नावाचा कैदी त्यातून सरळ पसार झाला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी टांकसाळीत सोनं वितळवण्याचं काम त्याच्याकडे आलं. तिथे तर दीड लाख डॉलरहून जास्त किमतीच्या सोन्याची तूट निघाली आणि त्याच्यावर अफरातफरीचा आरोप आला. भट्ट्या क्षमतेबाहेर चालवल्याने सोन्याचे कण धुराड्यातून उडून गेले होते आणि आसपासच्या छपरांवर सापडले. पण निर्दोष ठरायला १८६१ उजाडलं.

डोक्यावर हा खटला असतानाच, १८५७ मध्ये, त्याने ब्युएना व्हिस्टा उभी केली. क्रिस्टल स्प्रिंग्जजवळ आधी मळा करून झाला होता, पण तिथलं धुकं द्राक्षांना सोसेना. सोनोमात जमलं. डोंगराच्या पोटात चिनी मजुरांनी कुदळींनी बोगदे खणले. आत बाराही महिने गारवा, म्हणजे वाइन साठवायला विजेशिवायचं कोल्ड स्टोरेज. बाहेर निघालेला दगड बांधकामाला वापरला. इमारती बघताना या मजुरांची आठवण ठेवावी असं आम्हाला वाटतं. बघायला येणारे सगळे काउंटबद्दलच बोलत असतात.

१८६१ मध्ये राज्याच्या वतीने तो युरोपात गेला आणि तीनशेहून अधिक जातींच्या एक लाखावर काड्या घेऊन आला. विधिमंडळाने खर्च द्यायला साफ नकार दिला. ऑनसाइटला पाठवायचं आणि नंतर क्लेम नामंजूर, असलाच प्रकार! त्याने या प्रवासावर १८६२ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं, पण पैसे बुडाले ते बुडालेच. १८६३ मध्ये एकाच दिवशी त्याच्या दोन मुलांची लग्नं सोनोमाचे बडे प्रस्थ जनरल व्हायेहो यांच्या दोन मुलींशी लागली. त्याच वर्षी बँकर राल्स्टन वगैरे मंडळींनी भांडवल घातलं आणि त्याच्या मळ्याची कंपनी झाली.

इथून घसरण सुरू झाली. वेली पिवळ्या पडू लागल्या. भागधारक म्हणाले, हा दाट लागवड करतो म्हणून. मुळांवरची फायलॉक्सेरा नावाची कीड सोनोमात ओळखली गेली ती १८७३ मध्ये, आणि तोवर त्याला स्वतःच्याच कंपनीतून बाहेर काढून, दिवाळं निघून बरीच वर्षं झाली होती.

झिनफँडल द्राक्ष त्याने आणलं असं अनेक वर्षं छापलं जात होतं. हा दावा त्याच्या मुलाचा, आर्पादचा. प्रत्यक्षात हारास्ती अमेरिकेत येण्याआधीच ते न्यू इंग्लंडमध्ये होतं, आणि २००१ मध्ये डीएनए चाचणीने ते मूळचं क्रोएशियाचं ठरलं. हेच झिनफँडल पुढे आपल्या नाशिकलाही पोचलं. आर्पादने वडिलांच्या नावावर नसलेलं श्रेय चढवायला नको होतं असं आमचं मत. लाखभर काड्या स्वखर्चाने आणणं काय कमी होतं?

बोगद्यांचं १९०६ च्या भूकंपात नुकसान झालं, वाइनरी बंद पडून १९४० च्या दशकात पुन्हा उभी राहिली, आणि जुनं प्रेस हाउस डागडुजी करून २०१२ मध्ये लोकांसाठी उघडलं. वाइन चाखता येते, जुन्या अवजारांचं संग्रहालय बघता येतं. न पिणाऱ्यांनी शेजारच्या बार्थोलोम्यू पार्कमध्ये हारास्तीच्या बंगल्याची प्रतिकृती बघून यावी. वीकएंडला बुकिंग केलेलं बरं.

१८६८ मध्ये तो निकाराग्वाला गेला, उसाच्या शेतीसाठी. ६ जुलै १८६९ ला नदीकाठी दिसेनासा झाला. मगरींनी ओढून नेला असं मानतात, देह मिळाला नाही. ही मगरींची गोष्ट आम्ही परतीच्या वाटेवर रंगवून सांगत होतो, तेवढ्यात मागच्या सीटवरून आईने विचारलं, आणि त्याच्या बायकोचं काय झालं रे?

आम्हाला ठाऊकच नव्हतं. घरी येऊन शोधलं. एलेओनोरा तिचं नाव. हंगेरी, विस्कॉन्सिन, सॅन दिएगो, सोनोमा, प्रत्येक वेळी बिऱ्हाड हलवलेली. निकाराग्वालाही ती गेली होती, आणि १८६८ मध्येच तिथे पिवळ्या तापाने वारली. नवऱ्याच्या आधी.