विश्लेषण : इदी अमीनच्या विनोदांना जग हसले, किंमत युगांडाने मोजली!

युगांडाचा लष्करप्रमुख इदी अमीन याने २५ जानेवारी १९७१ रोजी मिल्टन ओबोटे यांचे सरकार उलथवले. धिप्पाड, हसतमुख, एकेकाळचा मुष्टियुद्ध विजेता. निवडणुका घेऊ, असे तो म्हणाला. त्या कधीच झाल्या नाहीत.

जग का हसत होते?

वॉटरगेट प्रकरणात अडकलेल्या निक्सन यांना त्याने लवकर बरे होण्याच्या शुभेच्छा पाठवल्या. आर्थिक संकटातल्या ब्रिटनसाठी मदतनिधी काढला. परदेशात तो विदूषक ठरला.

तोवर देशात काय घडले होते?

संसद बरखास्त झाली होती. ऑगस्ट १९७२ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा आदेश निघाला. कारण काय, तर देवाचा स्वप्नातला हुकूम! अनेकांना ती पोकळ धमकी वाटली. पण हजारो गुजराती, गोवेकर कुटुंबांना घरदार, दुकाने सोडून निघावे लागले. सप्टेंबरमध्ये सरन्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका यांना थेट न्यायालयातून उचलून नेले. ते परतलेच नाहीत.

शेवट कसा झाला?

एप्रिल १९७९ मध्ये टांझानियाच्या फौजा कंपालात शिरल्या, अमीन पळाला. त्याच्या राजवटीतल्या बळींचा अंदाज तीन लाखांपर्यंत जातो. २००३ मध्ये तो सौदी अरेबियातील जेद्दा येथे मरण पावला. त्याच्यावर खटला कधी चाललाच नाही.