नगरच्या मिस फरार

महात्मा फुले यांच्या चरित्रात अहमदनगरच्या मिस फरार यांचे नाव येते. जोतीरावांनी त्यांची मुलींची शाळा पाहिली, एवढे वाचून आपण पान उलटतो. पण त्या एका ओळीमागे एका बाईचे उभे आयुष्य आहे.

सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये झाला. अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली होती. मिशनऱ्यांच्या पत्नी घरसंसार सांभाळून तिच्याकडे पाहत. पण काम वाढले तसे ते त्यांना झेपेना. म्हणून मुलींच्या शाळांची देखरेख करण्यासाठी फरार यांची नेमणूक झाली. अविवाहित बाईने एकटीने परदेशी जायचे, ही गोष्ट तेव्हा अमेरिकेतही नवलाची होती. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईस पोचल्या.

येथील वाट सोपी नव्हती. मुलगी शिकली तर विधवा होते, अशी लोकांची समजूत. ती झुगारून कोणी मुलीला शाळेत धाडले, तरी लहानपणीच लग्न होऊन तिचे शिक्षण थांबे. पुन्हा नवी मुलगी, पुन्हा मुळाक्षरे! प्रकृती ढासळल्याने १८३७ मध्ये फरार मायदेशी गेल्या. पण १८३९ मध्ये परत आल्या आणि अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) राहिल्या. १८६२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला.

जोतीराव नगरला आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याकडे गेले असता त्यांनी ही शाळा पाहिली. १८४८ मध्ये पुण्यात त्यांची मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी फरार यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे चरित्रकार सांगतात.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. फरार यांचीही त्यावर श्रद्धा होती. जोतीरावांनी मात्र त्यांची शाळा घेतली, धर्म घेतला नाही. ज्या हेतूने त्या आल्या, त्याहून मोठे काम त्यांच्या हातून घडले.

आज आपल्या वर्गांत मुली हक्काने बसतात. त्याचे श्रेय सावित्रीबाईंना देताना, त्यांना शिकविणाऱ्या या परदेशी बाईंचेही स्मरण आपण ठेवले पाहिजे.