ज्याला दरबारानं हाकललं, त्यालाच देव मानावं लागलं!

जपानमध्ये परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थी तेन्मान्गू नावाच्या शिंतो मंदिरांत गर्दी करतात. लाकडी पाटीवर आपली इच्छा लिहून टांगतात आणि आवारातल्या बैलाच्या मूर्तीच्या डोक्यावरून हात फिरवतात. इथल्या देवाचं नाव तेन्जिन. पण हा देव एकेकाळी चक्क सरकारी नोकरीत होता.

त्याचं नाव सुगावारा नो मिचिझाने. जन्म ८४५ सालचा. घराणं पंडितांचं, आजोबा आणि वडील दोघेही नावाजलेले विद्वान. मिचिझानेही अवघड परीक्षा पास होत वर चढला. पुढं सम्राट उदाची त्याच्यावर मर्जी बसली आणि ८९९ मध्ये तो उजवा मंत्री झाला.

इथंच माशी शिंकली. त्या काळी दरबारात फुजिवारा घराण्याचा शब्द चालायचा. पंडिताच्या पोरानं एवढं मोठं पद मिळवणं त्यांना सहन होईना. डावा मंत्री होता फुजिवारा नो तोकिहिरा. मिचिझाने नवा सम्राट दाइगोला गादीवरून काढायचा कट करतोय, असा आरोप झाला. ९०१ मध्ये त्याला क्योतोपासून शेकडो किलोमीटर लांब, क्युशू बेटावरच्या दाझाइफूला धाडण्यात आलं. पद फक्त नावाला, खरं तर ती हद्दपारीच. दोनच वर्षांत, ९०३ मध्ये, तो तिथंच वारला.

आख्यायिका अशी की त्याचं शव नेणाऱ्या गाडीचा बैल वाटेत बसला तो हलेचना. मग तिथंच त्याला पुरलं. त्या जागी आज दाझाइफू तेन्मान्गू उभं आहे.

खरी गोष्ट सुरू होते ती यानंतर. ९०९ मध्ये तोकिहिरा ऐन तारुण्यात गेला. ९२३ मध्ये युवराज गेला. लोक म्हणू लागले, हा मिचिझानेचाच कोप. घाबरलेल्या दरबारानं मेलेल्या माणसाची शिक्षा रद्द केली आणि त्याला त्याचं पद परत दिलं. तरी ९३० मध्ये राजवाड्यावर वीज कोसळली, दरबारी मेले आणि काही महिन्यांत सम्राट दाइगोही गेला.

मग ९४७ मध्ये क्योतोत कितानो मंदिर उभं राहिलं. ९८७ मध्ये दरबारानं त्याला देव म्हणून मान दिला.

त्या काळी दरबार काही निवडक मंदिरांना मानाचे नैवेद्य पाठवायचा. ९९१ मध्ये कितानोचं नाव त्या यादीत गेलं. हीच यादी पुढं २२ मंदिरांची झाली. तिच्यात तीन गट होते : वरची ७, मधली ७ आणि खालची ८. सगळ्यात वर इसे, तर कितानो खालच्या आठांत. मिचिझानेला मात्र ९९३ मध्ये मरणोत्तर पहिल्या दर्जाचं पद आणि पाठोपाठ महामंत्रिपदही मिळालं. म्हणजे जिवंतपणी जे मिळालं नाही, ते मेल्यावर ९० वर्षांनी!

१८७१ मध्ये मेइजी सरकारनं मंदिरांची नवी क्रमवारी लावली. ती दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये बंद झाली. आज सरकारदरबारी मंदिरांना कुठलाच दर्जा नाही.

तेन्जिनची मंदिरं मात्र जपानभर हजारोंनी आहेत. सुरुवातीला ज्याच्या कोपाला लोक घाबरायचे, तोच हळूहळू विद्येचा देव झाला. तोकिहिराला विसरलेले विद्यार्थी आजही पेपरच्या आदल्या दिवशी मिचिझानेच्याच दारात येतात.