पोटावरचा व्रण आणि पंडिता रमाबाई

गेल्या महिन्यात पुतणीचं लग्न होतं. आरशासमोर साडी नेसता नेसता मी सवयीनं पुटपुटले, की पोटाचं नुसतं पोतं झालंय. मागे नववीतली लेक उभी होती. तिनं हळूच विचारलं, की ती झाली म्हणूनच माझं असं झालं का? माझ्या हातातल्या पिना हातातच राहिल्या. सिझेरियनच्या त्या व्रणाला मी चौदा वर्षं नावं ठेवत होते, आणि लेक ते ऐकत होती!

मैत्रिणींनो, त्या रात्री मी तिला पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. पुस्तकात असते ती नाही, त्यांच्या देहाची.

रमाबाई १८५८ साली गंगामूळच्या जंगलात जन्मल्या. सहा महिन्यांच्या असताना आईवडील तीर्थयात्रेला निघाले, तेव्हा वेताच्या पेटीत घालून त्यांना डोंगर उतरवला. तेव्हापासून पायाला भिंगरी. संस्कृत त्या आईकडूनच शिकल्या. पुढे मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात घरातलं होतं नव्हतं ते संपलं. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. थोड्या महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि बहीण गेली. उरलेली भावंडं, रमाबाई आणि श्रीनिवास, पायीच हिंडत राहिली. झेलमच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा दोघांनी खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. म्हणजे देह जगवणं काय असतं, हे या बाईला कुणी शिकवायला नको होतं!

१८७८ साली त्या कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. पदरात वर्षाचंही न झालेलं लेकरू, वय तेवीस.

त्या काळी विधवेचा देह म्हणजे अपशकुन. केस काढायचे, एकवेळ जेवायचं, कोपऱ्यात बसायचं. रमाबाई मात्र लेकीला घेऊन पुण्याला आल्या आणि त्याच साली हंटर आयोगापुढे उभं राहून त्यांनी स्त्री डॉक्टरांची मागणी केली. बायका पुरुष डॉक्टरांपुढे दुखणं सांगायला लाजतात आणि जिवाला मुकतात, हे त्यांनी सरकारला सांगितलं. विचार करा, आपण आज डॉक्टरीणबाईंकडे निःसंकोच जातो, त्यामागे अशी बोलणारी बाई होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. स्वतः डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानांनी साथ दिली नाही. तिथं ख्रिस्ती भगिनी ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना सांभाळताना त्यांनी पाहिल्या. येशू शोमरोनी बाईशी बोलला, ती कथाही वाचली. समाजानं विटाळलेला ठरवलेला देह देव जवळ करतो, ही गोष्ट त्यांना भिडली. त्याच वर्षी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. इकडे टीकेचा भडिमार झाला. पण देह हे देवाचं मंदिर आहे, ही शिकवण त्या प्रत्यक्ष जगल्या.

१८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघालं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. १८९३ मध्ये तिचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं आणि ती तीन मुलांची आई झाली. ज्या देहाला लोक अपशकुनी म्हणाले, त्याच देहानं घर भरलं!

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुलींना घेऊन आल्या. ती उपासमार त्यांनी भोगलेलीच होती. १८९८ मध्ये केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथं कृपासदन होतं, आंधळ्यांसाठी शाळा होती. मनोरमा स्वतः ब्रेल शिकली, मग मुलींना शिकवू लागली. मुली शेती करत, विणत, छापखाना चालवत. ज्यांना कुणी दारात उभं केलं नसतं, त्यांच्याच हातांनी रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर छापलं.

१९२१ साली मनोरमा गेली. पोटची एकुलती एक लेक. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईही गेल्या.

गोष्ट संपली तेव्हा लेक गप्प होती. मग तिनं माझ्या व्रणावरून बोट फिरवलं आणि विचारलं, की फार दुखलं होतं का. दुखलं होतं, मी म्हटलं, पण तुझा पहिला ट्यँहा ऐकला आणि विसरले.

मी ख्रिस्ती नाही. पण आपला देह हे देणं आहे, हे पटायला तेवढी एक बाई पुरे. लग्नात मी तीच साडी नेसले. आरशापुढे यावेळी काही पुटपुटले नाही. लेक शेजारीच उभी होती ना!