सम्राट कॉन्स्टंटाइन : नाण्यांवर उरलेलं आयुष्य



मुलांना राजाचं चरित्र शिकवताना आपण बहुतेक वेळा सन आणि लढाया सांगतो. मुलं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पण एका सम्राटाचं आयुष्य चक्क तळहातावर ठेवून वाचता येतं. तो म्हणजे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन. त्याची कांस्य नाणी इतक्या मोठ्या संख्येने पाडली गेली, की रोमन नाणी जमवणारे नवशिके बऱ्याचदा त्याच्यापासूनच सुरुवात करतात. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात २०१३ साली सापडलेल्या एकाच साठ्यात २२ हजारांहून जास्त नाणी होती. त्यांतली बरीचशी त्याच्याच घराण्याची.

कॉन्स्टंटाइनचा जन्म इ.स. २७२ च्या सुमारास नैसस इथे झाला. हे गाव म्हणजे आजच्या सर्बियातलं निश. वडील कॉन्स्टॅन्शियस सैन्यात अधिकारी होते, पुढे सम्राट झाले. आई हेलेना साध्या घरातली. त्याचं तरुणपण सम्राट डायोक्लेशियनच्या दरबारात गेलं. २५ जुलै ३०६ रोजी वडील इंग्लंडमधल्या यॉर्कला वारले आणि तिथल्या सैन्याने मुलालाच सम्राट म्हणून जाहीर केलं. पण सत्तेचे दावेदार इतरही होते. २८ ऑक्टोबर ३१२ रोजी रोमजवळ मिल्वियन पुलापाशी त्याने मॅक्सेंशियसचा पराभव केला. हा विजय ख्रिस्ताच्या कृपेने मिळाला असं तो मानू लागला आणि ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना धर्मपालनाची मोकळीक मिळाली.

आता गंमत बघा. त्यानंतरही काही वर्षं त्याच्या कांस्य नाण्यांच्या मागच्या बाजूला सूर्यदेवच उभा आहे! पुस्तकात धर्मांतर एका ओळीत उरकतं. नाण्यांवर मात्र बदल सावकाश होताना दिसतो.

दुसरी गोष्ट वजनाची. डायोक्लेशियनने २९४ च्या सुमारास सुरू केलेलं मोठं कांस्य नाणं साधारण १० ग्रॅमचं होतं, वर चांदीचा पातळ मुलामा. ३१८ च्या सुमारास ते ३ ग्रॅमवर आलं. ३३० नंतरच्या नाण्यावर दोन सैनिक आणि त्यांच्या मध्ये दोन ध्वज दिसतात. ३३५ च्या सुमारास नाणं आणखी लहान झालं, जेमतेम दीड ग्रॅमचं. मग त्यावर ध्वजही एकच उरला. याच सम्राटाने सोन्याचं सॉलिडस नावाचं साडेचार ग्रॅमचं नाणं सुरू केलं आणि ते शतकानुशतकं टिकलं. म्हणजे श्रीमंताच्या तिजोरीतलं नाणं भक्कम राहिलं आणि बाजारहाट करणाऱ्या साध्या माणसाच्या हातातलं हलकं होत गेलं.

तिसरी गोष्ट मन हेलावणारी आहे. कॉन्स्टंटाइनचा थोरला मुलगा क्रिस्पस पराक्रमी होता. ३२४ मध्ये प्रतिस्पर्धी लिसिनियसच्या आरमाराला त्याने हरवलं आणि वडील संपूर्ण साम्राज्याचे एकमेव सम्राट झाले. पण दोनच वर्षांत, ३२६ मध्ये, त्याच वडिलांनी त्याला ठार करवलं. पाठोपाठ सम्राटाची पत्नी, म्हणजे क्रिस्पसची सावत्र आई फाउस्टा, हिचाही अंत झाला. कारणाबद्दल इतिहासकारांचं आजही एकमत नाही. क्रिस्पसचं नाव शिलालेखांवरून खोडलं गेलं, टांकसाळींनी दोघांची नाणी पाडणं थांबवलं. पण आधी लोकांच्या हाती गेलेली नाणी परत कोण गोळा करणार? ती जमिनीत राहिली. आज संग्राहकाच्या ट्रेमध्ये बापलेक शेजारी शेजारी असतात, आणि दोन बाळं कवेत घेऊन उभ्या असलेल्या आईचं चित्र असलेलं फाउस्टाचं नाणंही.

११ मे ३३० रोजी कॉन्स्टंटाइनने कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, या नव्या राजधानीचं उद्घाटन केलं. २२ मे ३३७ रोजी तो वारला. बाप्तिस्मा त्याने अगदी शेवटच्या आजारपणात घेतला. मुलांनी काढलेल्या स्मृती-नाण्यावर तो चार घोड्यांच्या रथातून वर जातोय आणि आकाशातून एक हात त्याला घ्यायला येतोय.

ही नाणी आपल्यापासून फार दूरची नाहीत बरं का. चौथ्या शतकातली लहान रोमन कांस्य नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेतही सापडली आहेत.

वर्गात एक उपक्रम करून पाहा. मुलांना एखादं जुनं नाणं किंवा त्याचा मोठा फोटो द्या आणि तीनच प्रश्न विचारा. हे कोणी पाडलं? त्याला लोकांना काय दाखवायचं होतं? आणि काय दाखवायचं नव्हतं? घरी आजीच्या डब्यात जुनी नाणी असतील तर ती घासूनपुसून चकचकीत मात्र करू नका, वरचा थर गेला की अक्षरंही जातात.

राजाला नाण्यावर काय छापायचं ते ठरवता येतं. पण त्यातलं काय मागे उरेल, हे त्याच्या हातात नसतं. एवढं मुलांच्या लक्षात राहिलं, तरी आपला इतिहासाचा तास सार्थकी लागला म्हणायचा.