बॉस शेफर्ड : रस्ते राजधानीचे, देयक घरमालकांचे

वॉशिंग्टन शहरात प्रथमच जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत भरतात ते तेथील रुंद, सरळ आणि दुतर्फा झाडी असलेले रस्ते. या रस्त्यांचे श्रेय सहसा १७९१ मध्ये शहराचा आराखडा आखणाऱ्या पिएर लाँफां या फ्रेंच अभियंत्याला दिले जाते. आराखडा त्याचाच होता, यात वाद नाही. परंतु पुढली ऐंशी वर्षे तो बव्हंशी कागदावरच राहिला. कागदावरचे रस्ते जमिनीवर उतरवले ते अलेक्झांडर रोबी शेफर्ड या एका प्लंबरने, तेही जेमतेम तीन वर्षांत. या तीन वर्षांत शहराचे रूप पालटले, तिजोरी रिकामी झाली आणि नागरिकांचा मताधिकारही गेला. शेफर्डला त्याचे मित्र आणि शत्रू दोघेही ‘बॉस’ म्हणत. म्हणण्याचा सूर तेवढा वेगळा असे.

शेफर्डचा जन्म जानेवारी १८३५ मध्ये वॉशिंग्टनमध्येच झाला. वडील लाकडाचे व्यापारी होते. ते अकाली गेले आणि भावंडांत थोरल्या असलेल्या या मुलाला तेराव्या वर्षी शाळा सोडावी लागली. आधी सुतारकाम आणि मग नळकाम, असा त्याच्या उमेदवारीचा क्रम. ज्या प्लंबिंगच्या पेढीत तो शिकाऊ म्हणून शिरला, त्याच पेढीचा तो पुढे भागीदार आणि नंतर मालक झाला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा त्याने तीन महिने सैन्यात काढले. परतल्यावर तो नगरपालिकेच्या राजकारणात उतरला, घरे बांधून विकू लागला आणि १८६७ मध्ये ‘ईव्हनिंग स्टार’ या वृत्तपत्राचा एक भागीदारही बनला. उंचापुरा देह, खणखणीत आवाज आणि निर्णय घेताना क्षणभरही न घुटमळण्याची वृत्ती यांमुळे तिशीतच त्याचे नाव शहरभर झाले होते.

ते शहर मात्र राजधानी म्हणवून घेण्याच्या योग्यतेचे नव्हते. युद्धकाळात लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि १८७० च्या जनगणनेत ती एक लाख नऊ हजारांवर गेली. पावसाळ्यात रस्त्यांवर गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात धुळीचे लोट आणि शहराच्या मधोमध सांडपाण्याने तुंबलेला कालवा, अशी स्थिती होती. राजधानीच पश्चिमेकडे, सेंट लुईसच्या बाजूला हलवावी अशी मागणी होऊ लागली होती. ती मान्य झाली असती तर वॉशिंग्टनमधल्या घरजागांना काही किंमत उरली नसती. शेफर्डसारख्या जमीनमालकांना सुधारणांची घाई का झाली होती, हे यावरून समजते.

अडचण पैशांची होती आणि तिचे मूळ लाँफांच्या आराखड्यातच होते. त्याने रस्ते एका विस्तीर्ण राष्ट्राच्या राजधानीला शोभतील असे आखले. पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूची रुंदी १६० फूट होती. रस्ते आणि सरकारी राखीव जागा मिळून शहराची निम्म्याहून अधिक जमीन व्यापली गेली होती. सरकारी जागांवर कर नव्हता. म्हणजे रस्त्यांची रुंदी देशाच्या प्रतिष्ठेसाठी. ते बांधण्याचा खर्च मात्र उरलेल्या जमिनीवर घरे बांधून राहणाऱ्यांच्या घरपट्टीतून करायचा. एका सामान्य शहराच्या खिशाला हे झेपणारे नव्हते.

२१ फेब्रुवारी १८७१ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून वॉशिंग्टन, जॉर्जटाऊन आणि आसपासचा ग्रामीण भाग एकाच प्रशासनाखाली आणला. राज्यपाल आणि वरिष्ठ सभागृह राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे, कनिष्ठ सभागृह जनतेने निवडायचे, अशी ही व्यवस्था होती. मात्र खरी सत्ता सार्वजनिक बांधकाम मंडळाच्या हाती होती. मंडळाचा पदसिद्ध अध्यक्ष राज्यपाल हेन्री कुक हा होता, पण कारभार उपाध्यक्ष शेफर्डच हाकत असे.

याच कायद्यात खर्चवाटपाचे सूत्र होते. रस्त्याच्या सुधारणेमुळे लगतच्या मालमत्तेला विशेष लाभ होतो. म्हणून खर्चाचा वाजवी हिस्सा, जास्तीत जास्त एक-तृतीयांश, त्या मालमत्तेवर आकारावा आणि उरलेला सार्वजनिक निधीतून करावा. अमेरिकी शहरांमध्ये हा प्रकार नवा नव्हता. घरासमोर फरसबंदी झाली की घराची किंमत वाढते. मग त्या वाढीतला काही भाग ज्याची किंमत वाढली त्याने द्यावा, या युक्तिवादात वरकरणी काहीच वावगे नाही.

खोच होती ती मोजमापात. आकारणी घराच्या दर्शनी लांबीवर, म्हणजे रस्त्याला लागून असलेल्या फुटांवर होत असे. एकसारख्या दोन घरांपैकी एक रुंद हमरस्त्यावर आणि दुसरे अरुंद गल्लीत असेल, तर दोघांच्या मिळकतीत फरक नसूनही पहिल्याच्या वाट्याला कितीतरी मोठी रक्कम येई. कोपऱ्यावरच्या घरमालकाला दोन रस्त्यांचे पैसे भरावे लागत. दर्शनी फूट मोजणे सोपे असते. लाभ मोजणे अवघड असते. मंडळाने सोपे ते मोजले. मालमत्ता विकायची नसेल, नुसते तिच्यात राहायचे असेल, तर किंमत वाढल्याचा आनंद कागदावरचा आणि देयक मात्र रोखीचे, हा भाग वेगळाच.

जून १८७१ मध्ये शेफर्डने सुमारे ६६ लाख डॉलरची सर्वंकष योजना मांडली. त्यातला तिसरा हिस्सा लगतच्या मालमत्तांवर बसणार होता आणि बाकीच्यासाठी ४० लाख डॉलरचे कर्जरोखे काढायचे होते. जुन्या, सधन रहिवाशांनी न्यायालयात धाव घेऊन कर्जाला मनाई मिळवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रश्न मतदारांपुढे गेला आणि कर्जाच्या बाजूने प्रचंड बहुमत पडले. १८६७ पासून कृष्णवर्णीय पुरुषांना शहरात मताधिकार होता. त्यांच्यातल्या अनेकांना रस्त्यांच्या कामांतून रोजगार मिळणार होता. मते देणारे एक आणि पैसे भरणारे दुसरे, अशी तक्रार तेव्हापासून मालमत्ताधारकांत सुरू झाली. तिचे फळ तीन वर्षांनी दिसले.

कामाला सुरुवात झाली ती शहराच्या साऱ्या भागांत एकदमच. थोडे करून पाहावे, मग पुढचे हाती घ्यावे, हा शेफर्डचा स्वभावच नव्हता. शहर इतके खणून ठेवायचे की मागे फिरणे कोणाला शक्यच होऊ नये, हाच त्याचा हिशेब असावा. दुर्गंधीयुक्त कालवा बुजवून त्याच्या जागी गटार आणि वर रस्ता करण्यात आला. टेकाडे कापली गेली, सखल भागांत भराव पडले. या खोदाईत असंख्य घरांचे पाये उघडे पडले. काही घरांना रस्त्यावरून शिडी लावून चढण्याची वेळ आली, तर काहींच्या खिडक्या भरावाखाली गेल्या. रस्त्याची पातळी बदलल्याने झालेल्या नुकसानीला शहर जबाबदार नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्येच दिला होता. त्यामुळे घर अधांतरी लटकलेल्या मालकाला भरपाई तर नाहीच, उलट त्याच रस्त्यापोटी आकारणीची नोटीस मिळत होती.

विरोधाला न जुमानण्याच्या शेफर्डच्या कथा अनेक आहेत. माउंट व्हर्नन चौकातला नॉर्दर्न लिबर्टी हा जुना बाजार त्याला हटवायचा होता. ३ सप्टेंबर १८७२ च्या रात्री मजुरांची फौज त्यावर चालून गेली. मनाईहुकूम देऊ शकणारे न्यायाधीश त्या वेळी शेफर्डच्याच गावाबाहेरच्या बंगल्यावर मेजवानीला होते, असे सांगितले जाते. या पाडापाडीत एक खाटीक आणि उंदीर मारण्यासाठी कुत्रा घेऊन आलेला एक मुलगा असे दोघे जण ठार झाले. त्याच वर्षी एका रेल्वे कंपनीचे कॅपिटॉलच्या पायथ्याशी असलेले रूळही असेच रातोरात उखडले गेले. या प्रकारांना धडाडी म्हणायचे की दांडगाई, हे बघणाऱ्याचे घर कोणत्या रस्त्यावर आहे यावर अवलंबून होते.

त्याच्या कामाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. अवाढव्य रुंदीचे रस्ते पूर्ण रुंदीभर फरसबंद करणे परवडणारे नव्हते. काँग्रेसने १८७० मध्येच रस्त्याच्या कडेचा पट्टा हिरवळीसाठी सोडण्यास परवानगी दिली होती. शेफर्डच्या मंडळाने तिचा पुरेपूर उपयोग केला. चाकांसाठीचा भाग अरुंद केला आणि कडेच्या जागेत सुमारे ६० हजार झाडे लावली. घरमालकांवरचा बोजाही त्यामुळे काहीसा हलका झाला. १८७४ पर्यंत शंभराहून अधिक मैलांचे रस्ते सुधारले गेले आणि सुमारे १२३ मैलांची गटारे टाकली गेली.

पैशांची बाजू मात्र याच वेगाने कोसळत होती. हजारेक करदात्यांच्या अर्जावरून काँग्रेसने १८७२ मध्ये पहिली चौकशी केली. शेफर्डला दोष दिला गेला नाही, पण कर्जाची मर्यादा एक कोटी डॉलरवर बांधली गेली. सरकारी इमारतींभोवतालच्या कामांपोटी १८७३ च्या सुरुवातीला काँग्रेसने सुमारे १२ लाख डॉलर दिले. तेही अपुरे पडले. मग मंडळाने आकारणीची प्रमाणपत्रे काढली. घरमालकाकडून भविष्यात येणे असलेली रक्कम, तिच्या तारणावर कागद, आणि तो कागद कंत्राटदाराच्या हाती. रोख पैशांची निकड असलेला कंत्राटदार तो सवलतीत सट्टेबाजाला विकून टाकी. अशा रीतीने घरमालक आपल्याच रस्त्यासाठी, ज्याला कधी पाहिले नाही अशा माणसाचा ऋणको होऊन बसला. मर्यादा कर्जरोख्यांना होती. या प्रमाणपत्रांची गणना तीत होत नाही, अशी मंडळाची सोयीस्कर भूमिका होती.

सप्टेंबर १८७३ मध्ये कुक पायउतार झाला आणि राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी शेफर्डला राज्यपाल केले. मुहूर्त याहून वाईट असू शकत नव्हता. त्याच आठवड्यात कुकचा भाऊ जे कुक याची बँक बुडाली आणि देशभर आर्थिक हाहाकार उडाला. वॉशिंग्टनचे कागद कोणी घेईना. मजुरांची देणी थकली, शिक्षकांचे पगार रखडले.

१८७४ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने पुन्हा चौकशी केली. मूळ ६६ लाखांच्या योजनेवर मंडळाने १ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक खर्च केला होता. कंत्राटे मर्जीतल्या लोकांना मिळाली होती आणि मोजमापांचे हिशेब विस्कळीत होते. फरसबंदीच्या एका कंत्राटासाठी मंडळापुढे बाजू मांडल्याबद्दल काँग्रेस सदस्य जेम्स गारफील्ड यांना पाच हजार डॉलर फी मिळाल्याचेही बाहेर आले. ते तेव्हा सभागृहाच्या विनियोजन समितीचे अध्यक्ष होते आणि पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. सुधारणांचा जोर वायव्य भागात अधिक होता आणि शेफर्डच्या स्वतःच्या मिळकतीही तिकडेच होत्या. मात्र त्याने लाच खाल्ल्याचा पुरावा कोणत्याही समितीला सापडला नाही.

२० जून १८७४ रोजी काँग्रेसने ही सारी व्यवस्थाच मोडीत काढली. राज्यपाल गेला, मंडळ गेले आणि निवडून आलेले सभागृहही गेले. तीन आयुक्तांच्या हाती कारभार आला. ग्रँट यांनी त्यांपैकी एका जागेसाठी शेफर्डचेच नाव पाठवले, पण सिनेटने ते प्रचंड बहुमताने फेटाळले. मताधिकार गेल्याबद्दल सधन मालमत्ताधारकांनी फारशी खंत केली नाही. कर भरणाऱ्यांवर कर न भरणाऱ्यांची सत्ता नको, ही त्यांची तक्रार अनायासे दूर झाली होती. ज्या कृष्णवर्णीय नागरिकांना मत मिळून सातच वर्षे झाली होती, त्यांचे मत मात्र रस्त्यांच्या हिशेबात वाहून गेले.

१८७८ च्या कायद्याने ही व्यवस्था कायम केली आणि त्या बदल्यात शहराच्या खर्चाचा निम्मा भाग केंद्र सरकारने उचलायचे ठरले. ट्राम कंपन्यांनी रुळांमधला आणि रुळांबाहेरचा दोन-दोन फुटांचा रस्ता स्वखर्चाने राखावा, अशी तरतूदही झाली. घरमालकांवरील जुन्या आकारण्यांची फेरतपासणी करण्याचा कायदाही त्याच वर्षी झाला. त्याला कारण होते. मंडळाने बऱ्याच ठिकाणी लाकडी ठोकळ्यांची फरसबंदी केली होती आणि ती काही वर्षांतच कुजली. देयक अजून थकलेले आणि रस्ता आधीच उखडलेला, अशी अनेकांची गत झाली होती. पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवर तर १८७६-७७ मध्येच नव्याने डांबर घालावे लागले.

शेफर्ड स्वतः १८७६ मध्ये दिवाळखोर झाला. चार वर्षांनी पत्नी आणि मुलांसह तो मेक्सिकोत, चिवावा प्रांतातल्या बातोपिलास या खोल दरीतल्या गावी गेला आणि तेथल्या चांदीच्या खाणी चालवू लागला. १८८७ मध्ये तो वॉशिंग्टनला आला, तेव्हा त्याने खणलेल्या पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवरूनच त्याची मिरवणूक निघाली. तेरा वर्षांत झाडे वाढली होती, जमिनींचे भाव चढले होते आणि निम्मा खर्च केंद्राच्या तिजोरीतून येत होता. १२ सप्टेंबर १९०२ रोजी बातोपिलासमध्येच त्याचा अंत झाला. त्याचे पार्थिव पुढे वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक दफनभूमीत आणण्यात आले.

१९०९ मध्ये पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवर त्याचा पुतळा उभा राहिला. वॉशिंग्टनमध्ये जन्मलेल्या माणसाचा तो शहरातला पहिला सार्वजनिक पुतळा. १९७३ च्या स्वशासन कायद्याने वॉशिंग्टनकरांना आपला महापौर आणि नगर परिषद निवडण्याचा हक्क शंभर वर्षांनी परत मिळाला आणि १९७४ मध्ये तशी निवडणूक झाली. त्यानंतर पाच वर्षांनी शेफर्डचा पुतळा मूळ जागेवरून हलवण्यात आला. पुढची पंचवीस वर्षे तो अडगळीत राहिला. २००५ मध्ये तो महापौर आणि नगर परिषदेच्या कार्यालयांसमोर पुन्हा उभारण्यात आला.