जेम्स बी. लान्सिंग

जेम्स बुलो लान्सिंग (जन्म : १४ जानेवारी १९०२, इलिनॉय, मृत्यू : सप्टेंबर १९४९, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन ध्वनिवर्धक-निर्माते होते. त्यांचे मूळ आडनाव मार्टिनी. ‘जेबीएल’ हे कंपनीचे नाव त्यांच्या आद्याक्षरांवरून पडले.

कार्य

१९२७ साली त्यांनी केन डेकर यांच्यासह लॉस एंजेलिस येथे कंपनी स्थापन केली. १९३०च्या दशकात एमजीएम स्टुडिओने चित्रगृहांसाठी विकसित केलेल्या ‘शिअरर हॉर्न’ यंत्रणेकरिता त्यांनी कॉम्प्रेशन ड्रायव्हर बनवले. अशा ड्रायव्हरचा पातळ पडदा अरुंद मुखातील हवा दाबतो आणि क्रमाने रुंदावणारा कर्णा तो दाब बाहेरच्या हवेत पोचवतो. त्यामुळे थोड्या विद्युतशक्तीत मोठा आवाज मिळतो. मात्र दोहोंची मुखे जुळली तरी कर्णा आखूड किंवा लहान तोंडाचा असल्यास मध्यम पट्ट्यातील खालचे स्वर क्षीण होतात. म्हणून ड्रायव्हर व कर्णा यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

अखेर

१९३९ मध्ये डेकर विमान अपघातात मरण पावले. आर्थिक घडी विस्कटली आणि १९४१ मध्ये कंपनी अल्टेककडे गेली. १९४६ मध्ये लान्सिंग यांनी नवी कंपनी काढली. परंतु कर्ज वाढतच गेले. अखेर त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या आयुर्विम्याच्या रकमेने कंपनी तगली व पुढे जगप्रसिद्ध झाली.